जहाज कुठं आहे? खानापूरच्या एका खलाशाच्या थकलेल्या पगाराचं प्रकरण

या प्रकरणातली माणसं आणि जहाज अभ्यासासाठी उभी केलेली आहेत. कायदा, बंदरं, न्यायालयं आणि तिथली कामाची रीत खरी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून बोटीवर जाणारी पोरं वाढली आहेत, आणि आमच्याकडच्या वकिलांना समुद्राचा कायदा कॉलेजात एखाद्या पानापुरताच भेटलेला असतो. म्हणून हे जरा तपशिलात.

नंदगडच्या पलीकडचं गाव. भाताची शेती, थोडे काजू. घरातला धाकटा मुलगा बारावी झाला, सहा महिन्यांचा जी.पी. रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाच्या कामाचा, कोर्स केला आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, काढून घेतलं. पुढं जागा मिळेना. दोन वर्षं वाट बघून झाल्यावर मुंबईतल्या एका एजंटाने सव्वातीन लाख घेतले आणि त्याला परदेशी झेंड्याच्या एका लहान डांबरवाहू टँकरवर चढवलं. करार नऊ महिन्यांचा, पगार महिना ५०० डॉलर. पहिले दोन पगार खात्यावर आले. नंतरचे सात आलेच नाहीत.

मुलगा अडकला ती जागाही लक्षात घेण्यासारखी आहे. तो अरबस्तानात नव्हता की आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नव्हता. टँकरने कारवारला डांबर उतरवलं आणि मालकाने पैसे पाठवणं बंद केल्यावर तो बाहेर नांगर टाकून उभा राहिला. कारवार म्हणजे आपल्या शेजारचाच जिल्हा. बाप म्हणायचा, "एसटीनं गेलो तर संध्याकाळी पोराला डोळ्यानं बघून येतो." बघता आलं नाही ते वेगळं. बंदराच्या पासाशिवाय आत जाता येत नाही, आणि नांगरावरच्या बोटीपर्यंत जायला लाँच लागते. बोटीवर गोडं पाणी मोजून मिळत होतं आणि जनरेटर दिवसातून काही तासच चालायचा. मुलाचा मोबाईल तेवढ्या वेळात चार्ज व्हायचा, तेवढ्यातच घरी बोलणं.

घराने मग आपल्याकडचं कुठलंही घर जे करतं तेच केलं. ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांचं पत्र आणलं. आमदारांना निवेदन दिलं. मराठीत लिहिलेली तक्रार एका ओळखीच्या मास्तरांकडून कन्नडमध्ये करून घेतली आणि पोलिसात दिली. कुणी म्हणालं महाराष्ट्रातल्या पुढाऱ्याला भेटा, मुंबईत वजन पडेल. कुणी म्हणालं आपण कर्नाटकात, तेव्हा बेंगळुरूच. बेळगावातल्या एका तरुण वकिलाने धारवाड खंडपीठात रिट दाखल करायचा मसुदाही तयार केला. बेळगाव आणि कारवार दोन्ही धारवाडच्याच हद्दीत येतात, त्यामुळे त्याचं म्हणणं वरवर चुकीचं नव्हतं.

सीमाभागातल्या माणसाला पहिला प्रश्न सुचतो तो "आपण कुठल्या राज्याचे" हा. तो सुचण्यामागे १९५६ पासूनचा इतिहास आहे आणि त्याची चेष्टा करण्याचं कारण नाही. पण या प्रकरणात त्या प्रश्नाने सहा आठवडे खाल्ले.

तात्यांची कारकीर्द

सातव्या आठवड्यात बाप शेजारगावच्या तात्यांकडे गेला. तात्या नौवहन खात्यातून निवृत्त होऊन गावी राहायला आलेले. त्यांच्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सरकारी नोकरीत राहून सागरी कायदा शिकण्याची ही वाट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही.

बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे मुंबईत एक बिऱ्हाड असणं हे इथल्या कितीतरी घरांचं जुनंच होतं. तात्यांचे चुलते गोदीत कामाला होते. त्यांच्या खोलीवर राहून तात्यांनी बॅलार्ड इस्टेटमधल्या शिपिंग ऑफिसात कारकुनी धरली आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन एलएलबी केली. वरची पदं परीक्षा आणि बढत्यांनी मिळत गेली, आणि शेवटची काही वर्षं नौवहन महासंचालनालयाच्या न्यायालयीन कामात गेली. हे महासंचालनालय १९४९ साली मुंबईत स्थापन झालं. जहाजांची नोंदणी, सुरक्षितता, अधिकाऱ्यांच्या परीक्षा, खलाशांची भरती, सगळ्यावर त्याचीच देखरेख.

शिपिंग ऑफिसातला कारकून पहिली दहा वर्षं करतो काय? खलाशी कामावर चढताना त्याचा करार तपासतो. उतरताना पगाराचा हिशेब आणि सीडीसीतली नोंद जुळवतो. समुद्रात मेलेल्या खलाशाची पेटी घरच्यांना द्यायची असते, तिची यादी करतो. हे काम रुक्ष आहे, पण त्यातून एक सवय हाडात मुरते: कागदावर सही कुणाची आहे आणि कुणाच्या वतीने आहे, हे आधी बघायचं. कायद्याची मोठी पुस्तकं वाचून बसलेल्या कित्येकांना ही सवय नसते. माझ्या मते या प्रकरणात तात्यांचा उपयोग झाला तो त्यांच्या पदामुळे नव्हे, तर या कारकुनीमुळे. पद तर गेलेलंच होतं. मुंबईला फोन लावला तर त्यांना ओळखणारे दोघंतिघंच उरले होते.

बापाने निवेदनांची फाईल पुढं केली. तात्यांनी ती उघडलीच नाही. म्हणाले, "हे राहू दे. जहाज कुठं आहे?"

"कारवारला."

"आज कुठं आहे?"

बापाने मुलाला फोन लावला. टँकर आदल्या रात्रीच नांगर उचलून उत्तरेला निघाला होता. दुरुस्तीच्या नावाखाली मालकाने तो मुरगावला बोलावला होता. माजाळी, पोळे ओलांडून गोव्याच्या पाण्यात.

एका रात्रीत न्यायालय बदललं

खलाशाचा थकलेला पगार हा सागरी कायद्यात मालकापुरता दावा राहत नाही. तो जहाजाला चिकटतो. जहाजच प्रतिवादी होतं आणि न्यायालय ते अटकावून ठेवू शकतं. २०१७ चा नौअधिकरण, म्हणजे अ‍ॅडमिरल्टी, कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. त्यात किनारपट्टीच्या राज्यांतल्या ठरावीक उच्च न्यायालयांना हा अधिकार नाव घेऊन दिला आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास तर आधीपासूनची, कर्नाटक, केरळ, गुजरात, ओरिसा आणि हैदराबाद ही त्यात आली. पण प्रत्येकाचा अधिकार आपापल्या हद्दीतल्या सागरी पाण्यापुरता. टँकर कारवारसमोर होता तोवर कर्नाटक उच्च न्यायालय. मुरगावला पोचला की मुंबई उच्च न्यायालय, तेही त्याचं गोवा खंडपीठ, पर्वरीला.

म्हणजे खानापूरच्या कन्नड उताऱ्यावरचा, मराठी बोलणारा, कर्नाटकाचा रहिवासी मुलगा, आणि त्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात, गोव्यात. यात राज्याचा, भाषेचा, रहिवासाचा कशाचाच संबंध नाही. बेळगावच्या वकिलाचा रिटचा मसुदा या एका रात्रीत निरुपयोगी झाला असं लोक म्हणतात. मला विचाराल तर तो आधीही फारसा उपयोगाचा नव्हता. रिटमध्ये सरकारला आदेश मिळाला असता: लक्ष घाला, अहवाल द्या. सरकार पगार देणार नव्हतं. पैसे होते ते त्या लोखंडात.

इथं गोव्याचाच एक जुना खटला आठवायला हवा. १९८४ च्या ८ फेब्रुवारीला एम. व्ही. एलिझाबेथ नावाचं परदेशी जहाज मुरगावहून माल घेऊन निघालं, आणि माल पाठवणाऱ्या गोव्यातल्या कंपनीच्या सूचना डावलून तो पलीकडे देऊन टाकला गेला. पुढं एप्रिलमध्ये तेच जहाज विशाखापट्टणमला आलं तेव्हा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते अटकावलं. मालकाने हरकत घेतली: हा अधिकार ब्रिटिशांच्या जुन्या कायद्यांनी फक्त कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला दिलाय, आंध्रला कुठून आला? १४ लाख २५ हजारांची बँक हमी देऊन जहाज सुटलं, वाद मात्र सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९२ साली निकाल लागला की उच्च न्यायालयाचा अधिकार वसाहतीच्या जुन्या कायद्यात गोठून राहत नाही. परदेशी मालकाचं आपल्या देशात दुसरं काहीच नसतं, असतं ते फक्त बंदरात आलेलं जहाज. ते निघून गेलं की दावेदाराच्या हाती काही उरत नाही. २०१७ चा कायदा येईपर्यंतची पंचवीस वर्षं बहुतेक याच निकालावर चालली.

मालक जहाज टाकून गेला की काय होतं, हे गोव्याला जाणाऱ्या बेळगावकरांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. २००० च्या पावसाळ्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर रिव्हर प्रिन्सेस रुतलं आणि ते हटवायला दशकभर लागलं. आपण त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे चार फोटो

तात्यांनी मुलाकडून चार फोटो मागवले: करारपत्राची सगळी पानं, सीडीसीतलं शेवटचं पान, बोटीच्या भिंतीवर लावलेलं विमा प्रमाणपत्र, आणि जहाजाच्या मागच्या अंगावर नाव रंगवलेलं असतं तो भाग.

करारपत्रावर सही एजंटाची, "मालकाच्या वतीने". खाली शिक्का होता, पण परवाना क्रमांक नव्हता. खलाशांची भरती करणाऱ्या प्रत्येक संस्थेला महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याला बोलीत आरपीएसएल म्हणतात, आणि तो चालू आहे की नाही हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत कळतं. शिवाय नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणं १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यापासूनच बेकायदा आहे. (त्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ साली नवा कायदा मंजूर केला.) सव्वातीन लाखांची पावती अर्थातच नव्हती. पण अडीच लाख बापाने खानापूरच्या बँकेतून एजंटाच्या खात्यावर पाठवले होते. तात्यांनी ते पासबुक वेगळं काढून ठेवलं आणि म्हणाले, याचं नंतर.

मग आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. जहाजाचं नाव बदलतं, झेंडा बदलतो, मालक तर कागदोपत्री वर्षाला बदलू शकतो. सात आकड्यांचा हा क्रमांक मात्र जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. फोटोत तिसरा आकडा गंजाने खाल्लेला, तीन की आठ कळेना. तात्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने आकडे मांडले. पहिल्या सहा आकड्यांना डावीकडून अनुक्रमे सात, सहा, पाच, चार, तीन आणि दोनने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. आठ धरून जुळेना, तीन धरून जुळला. त्या क्रमांकावरून नोंदणीकृत मालक निघाला, आणि ते नाव करारातल्या नावाहून वेगळं होतं. वर्षभरापूर्वी जहाज विकलं गेलेलं.

मुलगा फोनवर रडवेला झाला. "तात्याकाका, मग मालकच बदललाय तर आम्ही कुणाकडं मागायचं?"

"जहाजाकडं मागायचं," तात्या म्हणाले. "तू काय करालास ते सांग. कशावर सही केलास काय?"

केली नव्हती. कॅप्टनने "सर्व हिशेब मिळाला" असा कागद पुढं केला होता, पण सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं. हे त्यांनी शहाणपणाचं केलं.

मालक बदलल्याने काही बिघडत नाही. पगाराचा सागरी बोजा, म्हणजे जहाजावरचा हक्क, मालकी, नोंदणी किंवा झेंडा बदलला तरी २०१७ च्या कायद्याप्रमाणे जहाजावर कायम राहतो. असे इतर हक्क एका वर्षात संपतात, पगाराचा मात्र तो देय झाल्यापासून दोन वर्षं टिकतो. जहाज लिलावात विकून पैसे वाटायची वेळ आली तर रांगेत पगार सगळ्यांच्या पुढं: बंदराच्या शुल्काच्या, बँकेच्या गहाणाच्या, दुरुस्ती करणाऱ्या यार्डाच्याही पुढं.

उतरायचं की थांबायचं

खरा पेच इथं होता. बोटीवरचे अकरा जण म्हणत होते, पैसे हातात पडेपर्यंत उतरायचं नाही, उतरलो की संपलं. तात्यांचं मत उलटं. हक्क जहाजाला चिकटलेला आहे, तुमच्या बोटीवर राहण्याला नाही. घरी या, तब्येत सांभाळा, दावा चालत राहील.

कायद्याने तात्या बरोबर. व्यवहारात मी पोरांच्या बाजूचा. सगळे उतरले, मालकाने नवीन चारपाच माणसं चढवली आणि जहाज भारताच्या पाण्याबाहेर नेलं, तर दोन वर्षांचा हक्क घेऊन खानापूरचा मुलगा कुठल्या देशातल्या न्यायालयाचं दार ठोठावणार? हक्क शाबूत असणं आणि तो वसूल होणं यांत मुरगाव ते अमिरातीतलं फुजैरा बंदर एवढं अंतर पडू शकतं. तसंही बंदर सगळ्यांना एकदम उतरू देत नाही, जहाजावर किमान माणसं लागतातच. शेवटी ठरलं ते दोघांच्या मधलं: जहाज मुरगावच्या हद्दीत आहे तोवर दावा दाखल करायचा, अटकावाचा आदेश मिळवायचा, आणि मग उतरायचं.

एकट्या मुलाच्या ३५०० डॉलरसाठी उच्च न्यायालयात जाणं खर्चाला परवडणारं नव्हतं. अकरा जणांचा दावा एकत्र केल्यावर परवडलं. कॅप्टनचाही पगार थकला होता, तो चौथ्या दिवशी सामील झाला. तो येण्याचा फायदा असा की प्रत्येकाच्या थकबाकीचा तक्ता त्याच्या सहीचा मिळाला. मुखत्यारपत्रं तयार झाली, वकील मडगावचे ठरले. आमच्या बेळगावच्या तरुण वकिलाने कागद जमवायचं काम केलं आणि चोर्ला घाटातून पर्वरीला खेपा घातल्या. रिटचा मसुदा फुकट गेला खरा, पण हे प्रकरण त्याने सोडलं नाही.

त्याच वेळी दुसरी वाट चालू केली, आणि माझ्या मते ती पहिल्याच आठवड्यात चालू व्हायला हवी होती. सागरी कामगार करार, २००६ हा भारताने २०१५ साली स्वीकारला. त्यातल्या दुरुस्तीप्रमाणे २०१७ पासून जहाजाला खलाशी वाऱ्यावर सोडले जाण्याविरुद्ध विमा किंवा तशी आर्थिक हमी ठेवावी लागते, आणि तिचं प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं बोटीवर लावावं लागतं. दोन महिने पगार थकला, किंवा अन्नपाणी, इंधन बंद झालं, की खलाशी वाऱ्यावर सोडला असं धरता येतं. मग विमाकर्त्याने चार महिन्यांपर्यंतचा पगार, जगण्याची गरज आणि घरी जाण्याचा खर्च द्यायचा. मेसच्या दाराशेजारच्या त्या प्रमाणपत्रासमोर ही पोरं सात महिने जेवत होती. त्यावर फोन क्रमांक होता. कुणी लावला नव्हता.

विमाकर्त्याला, महासंचालनालयाला आणि वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला, म्हणजे आयटीएफला, एकाच मजकुराचं पत्र गेलं. भावना बाजूला ठेवून तात्यांनी ते दीड पानात बसवलं: आयएमओ क्रमांक, जागा, माणसं, प्रत्येकाची थकबाकी, पाणी किती दिवसांचं, इंधन किती. आमदारांना दिलेलं निवेदन सहा पानांचं होतं आणि त्यात जहाजाचं नावही चुकलं होतं.

काय मिळालं, काय नाही

गोवा खंडपीठाने अटकावाचा आदेश दिला. तो बंदर प्राधिकरणाला आणि कस्टमला बजावला गेला. कस्टमचा निर्गमन परवाना नसेल तर जहाज कायद्याने बंदर सोडू शकत नाही, म्हणून कस्टमचं टेबल महत्त्वाचं. अटकाव चुकीचा ठरला तर भरपाई देऊ, अशी हमी न्यायालय मागू शकतं. ती इथं मागितली गेली आणि पोरांच्या घरी त्यावरून एक रात्र कुणी झोपलं नाही. पण कॅप्टनच्या सहीचा तक्ता असताना भीतीचं कारण फारसं नव्हतं.

विमाकर्त्याने चार महिन्यांचे २००० डॉलर आणि घरी जायचं भाडं दिलं. तेवढ्या रकमेपुरता पोरांचा हक्क त्याच्याकडे गेला, मालकाकडून ते तो वसूल करील. उरलेले तीन महिन्यांचे १५०० डॉलर राहिले. अटकावानंतर मालकाच्या वतीने मुंबईचे एक वकील उभे राहिले आणि तडजोडीची बोलणी सुरू झाली. व्याज आणि खर्च सोडून द्या, मुद्दल घ्या, असा प्रस्ताव. तात्या म्हणाले व्याज सोडू नका. अकरापैकी नऊ जणांना घरी कर्ज होतं, त्यांनी घेतलं. मी त्या पोरांना दोष देणार नाही. लिलावापर्यंत थांबायचं म्हटलं तर वर्षही लागलं असतं.

मुलगा वास्कोहून रेल्वेने लोंढ्याला उतरला. मुरगावचा कोळसा ज्या रुळांवरून कॅसल रॉक, लोंढा करत पूर्वेला जातो तेच ते रूळ. कंपनीने द्यायचं परतीचं भाडं या प्रकरणात दोनशे रुपयांच्या आतलं निघालं, याचं तात्यांना फार हसू आलं.

सव्वातीन लाखांचं काय? सागरी कायद्याचा इथं काही उपयोग नाही. ते पैसे जहाजाने घेतलेले नव्हते, एजंटाने घेतले, आणि त्यांचा बोजा कुठल्याही लोखंडाला चिकटत नाही. बाजूला काढून ठेवलेलं पासबुक आता बाहेर आलं. अडीच लाख खानापूरच्या शाखेतून गेले, म्हणजे दाव्याच्या कारणाचा एक भाग खानापुरात घडला, म्हणून वसुलीचा दावा खानापूरच्या दिवाणी न्यायालयात लावता आला. फसवणुकीची फिर्याद वेगळी, आणि बिनपरवाना भरतीची तक्रार महासंचालनालयाकडे वेगळी. रोख दिलेल्या पाऊण लाखाला पुरावा नाही. दावा भरताना ती रक्कम धरायची की सोडायची यावर बाप आणि वकील यांचं अजून जमलेलं नाही. वकील म्हणतो सोडा, दावा स्वच्छ राहील. बाप म्हणतो, काजूची बाग गहाण टाकून दिलेत.